सासूबाईंनी मनगट धरलं तर

अस्ताना,
११ फेब्रुवारी, मंगळवार

वन्संना सलाम. घरातल्या सगळ्यांची खुशाली अल्लाकडे मागते.

रेल्वेगाडीवरच्या तोलेगेनने तुमची पेटी पोचवली. सुकी मासळी, लोणी आणि पिशवीभर खारट, सुकवलेल्या दह्याचं कुर्त मिळालं. त्याला हजार तेंगे दिले, पंधराशे मागत होता. मासळी शेजारी वाटली, इथे मिठाला बंदी. तरी तुमच्या भावाने कुर्तचा एक खडा गालात लपवलाच. रागावले तर म्हणतात, "जीभ तरी जुनीच राहू दे की!"

त्यांची तब्येत बरी आहे. छातीतला पंप नीट चालतो, बॅटऱ्या मी वेळेवर बदलते. पाय थोडे सुजतात.

थोडे नाही, वन्सं. बूट चढत नाहीत, आडवं झालं की दम लागतो. डॉक्टर सौलेबाईंनी चित्र काढून दाखवलं. पंप रक्त पुढे ढकलतो, पण हृदयाच्या तोंडाची झडप सैल झालीय, तेच रक्त परत आत येतं. छाती न उघडता, जांघेतल्या रक्तवाहिनीतून नवी झडप बसवायची. मी आधी विचारलं, "डुकराची नाही ना?"

"गाईची," त्या म्हणाल्या.

तुमचे भाऊ लगेच, "घोड्याची नाही मिळत? जरा पळालो असतो."

सैल जागी तिला पकड मिळेलच असं नाही, निसटूही शकते. पण बसवलीच नाही तर उन्हाळा दिसणं कठीण.

आणि ते ऑपरेशनच्या कागदावर सही करत नाहीत. "आईने हात पसरून बाता, तिचा आशीर्वाद, दिल्याशिवाय मी त्या टेबलावर झोपणार नाही." फोनवर आशीर्वाद मागा म्हटलं, तर म्हणतात, "खोटं सांगून घेतलेला लागतो का?"

पंप बसल्यापासून ते गावी का आले नाहीत, तुम्ही जाणता. सासूबाई अख्ख्या गावाच्या नाड्या बघणाऱ्या. मुलगा दारात आला की आधी मनगट धरणार. पंपाने रक्त सलग वाहतं, नाडी हाताला लागतच नाही. "आईच्या हातात मेलेल्याचं मनगट कसं देऊ?" म्हणाले, आणि ते उत्तरेला खाणीत कामाला आहेत असं आपण तिघं सांगत आलो.

आता सासूबाईंना खरं तुम्हीच सांगा. फोन सगळ्या घराला ऐकू जातो, म्हणून हे पत्र. जवळ बसून सांगा, आणि जमलं तर त्यांना घेऊनच या. मनगट धरलं तर धरू दे. मग म्हणावं, छातीला कान लावा. आत बारीक गुणगुण चालू असते. मी नमाजानंतर रोज ऐकते.

तोलेगेनची गाडी शुक्रवारी तिकडून सुटते. त्याच गाडीने उत्तर पाठवा, त्या येतात की नुसती बाता येते. रागावल्या असल्या तर तेही कळवा. गाडी येईल तेव्हा मी स्टेशनवर उभी असेन.

तुमची भावजय,
कुल्याश