अर्ज उर्दूत आहे

शके १८६८, ज्येष्ठ शु. ५. नळदुर्ग

दादानं आज तेर गावच्या पाहुण्याला शब्द दिला. दसरा झाला की त्याच्याशी माझा पाट लावायचा. मला इचारलं न्हाई, वैनीकडून कळलं. पाहुणा पन्नाशीचा, बायको वारलेली. त्याची एकच अट, पोर नको. म्हंजे माझी चिमी हितंच राहणार, वैनीची लेकरं सांभाळायला. सहा वर्षांची हाय ती.

दादाला म्हणाले, "तिच्याबिगर म्या न्हाई जाणार."

"मग दोघी जावा, कुठं जायचं तिकडं."

वाईट न्हाई तो. मालक तापानं गेले तवा त्यानंच गाडी जुपून आणलं आमाला. पण आता कटाळला.

ज्येष्ठ शु. ९

दुपारी वर्गाला गेले. वैद्यांच्या सुमतीबाई त्यांच्या ओसरीवर बायकांना लिहावाचायला शिकवतात. आमी सहाजणी. सहा महिने झाले, जोडाक्षरं अजून अडतात. रोज चार ओळी लिही असं बाईंनीच बजावलंय, म्हणून ही वही.

आज तिथंच रडले. बाईंनी समदं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "धाराशिवच्या दवाखान्यात सुईणीचं शिक्षण देतात. राहायला खोली, दोन वेळचं जेवण. लेकरू जवळ ठेवू देतात. पण परीक्षा घेतात, गंगू. लिहिता-वाचता आलं पाहिजे."

लेकरू जवळ ठेवू देतात. घरी येईस्तोवर तेवढंच म्हणत आले.

आषाढ शु. २

ष्ट, ष्ठ, ज्ञ. चुलीपुढं राखेत गिरवले. बोटाला शाई दिसली तर वैनी इचारते, म्हणून राख बरी.

आषाढ व. ६

वर्ग मोडला. निजामाचा पोलीस ओसरीवर चढला. "किसकी इजाजत से?" बाई म्हणाल्या, बायका अक्षरं शिकतात, दुसरं काही न्हाई. त्यानं पाट्या उचलून न्हेल्या. माझीपण. वैद्यांनी भिऊन बाईंना माहेरी सोलापूरला धाडलं. जाताना बाई म्हणाल्या, "मी अर्ज मागवलाय. येईल. तू थांबू नको."

कुणापाशी शिकू आता?

श्रावण शु. ४

अर्ज आला. वैद्यांनी गुपचूप हातात दिला. घरामागं जाऊन उघडला.

समदा उर्दूत.

एक अक्षर कळलं न्हाई. उलटा धरला, सुलटा धरला. वैद्य म्हणाले परीक्षापण उर्दूतच. सरकारचा दवाखाना, सरकारची भाषा. आठ महिने ज्याच्यापायी शिव्या खाल्ल्या ते तिथं चालतच न्हाई. बाईंना ठाऊक नव्हतं का. का ठाऊक असून

किल्ल्याच्या बंधाऱ्यावर गेले. पाण्याकडं लई वेळ बघत बसले. चिमी म्हणाली, "आई, भूक लागली." उठले.

श्रावण शु. ७

झुलेखाबीकडं गेले. मणियाराची बायको, बांगड्या भरते. तिला उर्दू वाचता येतं हे समद्या गल्लीला ठाऊक. अर्ज पुढं ठेवला आणि रडाया लागले.

"रोती कायकू? इधर बैठ." मग मराठीत, "उजवीकडनं चालायचं. तू उलटी बघालीस."

परातीतल्या पिठात बोटानं अलिफ काढला. सरळ काठीच की. मग बे. नुक्ता, म्हंजे टिंब, खाली दिला तर एक, वर दिला तर दुसरंच. डोकं गरगरलं. म्हणाले, दसऱ्याआधी न्हाई व्हायचं. तर म्हणाली, "म्या शिकले, पन खत-चिठ्ठी लिहाया कुनी न्हाई मला. तू लिही. रोज ये."

अर्जपण तिनंच भरला. उत्तराचा पत्ता तिच्या घरचा दिला.

भाद्रपद शु. १२

दादाला कळलं. गावात हवा बिघडलीय, म्हणाला, मुसलमानाच्या घरी काय काम तुझं? बाईंनी दिलेलं पुस्तक चुलीत घातलं. मारलं. आजवर मारलं नव्हतं. मारून झाल्यावर ओट्यावर जाऊन बसला, जेवला न्हाई.

तरी जाते. पाण्याच्या निमित्तानं. घागर तिच्या दारात ठेवायची, दोन ओळी वाचायच्या, उचलायची.

भाद्रपद व. ८

चिमीला आज वैनीनं माझ्यापास्नं उठवून आपल्या लेकरांत निजवलं. "सवय होऊ दे," म्हणाली. पोरगी हुंदके देत होती. म्या उठले न्हाई. उठले असते तर काय केलं असतं न्हाई सांगता येत.

आश्विन शु. ३

झुलेखाबीच्या पत्त्यावर बोलावणं आलं होतं, परीक्षा देऊन आले. देवीच्या दर्शनाचं सांगून वैनीच्या मावशीबरोबर गाडीतनं तुळजापूर. मावशीला तिच्या नणंदेकडं बसवून मोटारीनं धाराशिव.

डाक्टरीणबाईंनी उर्दू पान पुढं केलं. वाचलं. पाच जागी अडले, एक शब्द आलाच न्हाई. बोट ठेवलेली ओळ मधीच सुटली. मग त्या एकदम मराठीत म्हणाल्या, "किती दिवसांत शिकलीस?"

"दोन महिनं, बाई."

त्यांनी कागद-टाक पुढं केला. लिहून दाखवायला सांगितलं. मग म्हणाल्या, "जागा एक आहे, तुम्ही दोघी. पत्रानं कळवू. दसऱ्यानंतरच्या मंगळवारपासून काम सुरू." दुसरी बाई बाकावर बसली होती. तिलापण लेकरू, मांडीवर निजलेलं.

आश्विन शु. ८

पत्र न्हाई.

आश्विन शु. १०, दसरा

झुलेखाबीच्या दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, मणियार घाबरला, समद्यांना घेऊन काल पहाटेच्या मोटारीनं हैदराबादेला गेला. कधी येणार ठाऊक न्हाई. मला निरोप ठेवायला तिला येळ मिळाला नसंल.

दाराच्या फटीतनं वाकून बघितलं. आत भुईवर पाकीट पडलंय. टपालवाल्यानं सारलेलं. काटकी घातली, पोचली न्हाई. दोनदा घातली. लोक सोनं वाटत फिरत होते, बघाया लागले. उठले.

उद्या तेरची माणसं येणार. परवा मंगळवार.

चिमीच्या कानात सांगितलं, उद्या झाडलोट व्हायच्या आत आपण निघायचं, रडायचं न्हाई. ती म्हणाली, "कुठं?" म्हणाले, धाराशिवला. म्हणाली, "तिथं कोण हाय आपलं?"

पाकिटात काय हाय ते दवाखान्याच्या दारात जाऊन डाक्टरीणबाईंच्याच तोंडून ऐकीन. जागा त्या दुसरीला दिली असंल तरी माघारी यायचं न्हाई.