निळ्या पॉपीची पहिली कळी

एफीताई,

फुलली! आपल्या केप ब्रेटन बेटावरच्या थंड हवेत, माझ्या परसात निळी हिमालयी पॉपी फुलली! एकदम सात फुलं!

तू दिलेलं रोप मेलं तेव्हा म्हणालीस, "पहिल्या वर्षीची कळी खुडायची असते, नाहीतर झाड फुलून मरतं. पण तुझ्याच्यानं ती खुडवणार नाही!" त्यावरून दोन वर्षं अबोला.

मी नंतर आणलेल्या या रोपाची पहिली कळी गेल्या जूनमध्ये खुडली. मी नव्हे, शेजारच्या अँगसनं. मी घरात डोळे मिटून बसले होते. "झालं गं बाई, ये बाहेर," म्हणत तो हसत होता.

हे कळलं तर तू जन्मभर चिडवशील, म्हणून हे पत्र टाकत नाही. पण फुलं चारच दिवस टिकतील. फोनच करते, कळीचं काही न सांगता. ये.

तुझी भित्री,
मुरिएल