दांडीला बांधलेली सुतळी

आबा, काल माळा आवरताना तुमचं नाव घातलेला तांब्या सापडला. बुडाशी चेपलेला, काळा पडलेला, पण गळ्याखालचं नाव अजून स्पष्ट वाचता येतं. तुम्हाला नाव घालायचं वेडच होतं. भांड्यांवर सगळेच घालतात, तुम्ही घमेल्यावर घातलं, कुऱ्हाडीच्या दांड्यावर घातलं, आणि विहिरीच्या कठड्याचं सिमेंट ओलं होतं तेव्हा खिळा घेऊन त्याच्यावरही कोरलं. आई म्हणायची, "बैलांची शिंगं तेवढी ऱ्हायलीत, घाला की त्यांच्यावर बी." तांब्या चिंचेने घासून लख्ख केला आणि समोर ठेवून लिहायला बसलोय. तुमच्या नावाचीच एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहून गेली आहे. तुम्ही होतात तेव्हा सांगायला शेकडो वेळा संधी होती, तरी राहिली. का राहिली तेही सांगणार आहे, पण त्यासाठी आधी पुणतांब्याच्या आपल्या विहिरीवर जावं लागेल.

दुष्काळाच्या आदल्या उन्हाळ्यातली गोष्ट. मी डिप्लोमा करून नगरच्या एका लहानशा कारखान्यात, ड्रॉइंग ऑफिसात, सहा महिन्यांच्या बोलीवर चिकटलो होतो. शेतातल्या मोटारींसाठी ब्रेकर बनवायचं कारखान्याच्या मनात होतं. मोटारीवर जादा भार पडला किंवा व्होल्टेज बसलं की तिच्या तारा तापतात, आणि तेवढ्यात कुणी वीज तोडली नाही तर मोटार जळते. ती वेळेवर तोडणारी पेटी म्हणजे ब्रेकर. साहेबांनी हे काम माझ्या टेबलावर ठेवलं आणि चष्म्यावरून बघत म्हणाले, "ही पेटी शेतात टिकली तर तुम्हीही इथे टिकलात असं समजा." मी दोन महिने मान मोडून रेखाटनं केली. पेटीत दोन धातूंची एक चिकटवलेली पट्टी असते, ती तापली की वाकते, वाकली की खटका ढकलते, खटका सुटला की स्प्रिंग वीज जोडणारे कॉन्टॅक्ट ओढून वेगळे करते आणि बाहेरची दांडी टक्कन खाली पडते. कारखान्यातल्या टेबलावर सगळं घड्याळासारखं चालत होतं. मी तर हवेतच होतो. पहिल्या सहा नगांपैकी एक नग चाचणीसाठी मागून घेतला आणि गाडीत मांडीवर ठेवून पुणतांब्याला आणला. तुम्ही पेटी हातात घेऊन उलटसुलट केली आणि पहिलाच प्रश्न विचारलात, "याच्यावर नाव कुठं घालायचं?" मी म्हणालो, "आबा, कंपनीचा माल आहे तो." तुम्ही तोंड एवढंसं केलंत, आणि आई पदर तोंडाला लावून हसत होती.

पंधरा दिवसांनी शनिवारी आलो तो स्टेशनवरून थेट मळ्यात. मोटार चालू, पाटाला पाणी, ऊस मजेत. मी पेटीकडे बघतो तर काय, दांडी वर करून सुतळीने भिंतीतल्या खुंटीला करकचून बांधलेली! सात-आठ वेढे आणि वर तुमची ती बैलाच्या दाव्याची गाठ. मोटारीला हात लावला तर चटका बसला, जळक्या वार्निशचा वास येत होता. माझं डोकंच फिरलं. सुतळी कापून मोटार बंद केली आणि उसाच्या त्या टोकाला तुम्ही खोऱ्याने बारं मोडून पाणी दुसऱ्या सरीत वळवत होतात तिथे तरातरा आलो. बापाशी बोलायची रीत सोडून बोललो. अडाणीपणा म्हणालो, दोन महिन्यांच्या कामाचं मातेरं केलंत म्हणालो. तुम्ही खोऱ्यावर रेलून सगळं ऐकून घेतलंत.

मग म्हणालात, "झालं तुझं? आता माझं ऐक. लाइट येते तवा समदा गाव एका टायमाला मोटारी चालू करतो, व्होल्टेज पार बसतंय. तुझा डबा दर घटकेला पडतो. दर येळी हिथनं तिथवर पळायचं, दांडी वर करायची, माघारी यायचं, तवर पानी फुटून दुसऱ्याच्या रानात. दोन दिस पळलो. तिसऱ्या दिशी बांधली. तू तिथं आसतास तर तू बी बांधली आसतीस."

"अहो, मोटार जळेल ना!"

"जळंल तवा जळंल. ऊस आज वाळतोय." आणि मग जे बोललात ते माझ्या डोक्यात घर करून बसलं. "बांधनारा मानूस जगात हाय, हे तुला ठावं नव्हतं का? त्याला धरून डबा कर की. शान्या मानसासाठी डबा लागतच न्हाई."

मला राग जास्तच आला. कारण तुमचं खरं होतं. माझ्या पेटीत दांडी आणि आतले कॉन्टॅक्ट एकाच सळईने जोडलेले होते. दांडी बांधली की कॉन्टॅक्टही बांधले गेले, मग खटका सुटो नाही तर फुटो. गावागावांत लोक दांड्या बांधणार, मोटारी जळणार, नाव पेटीचं खराब होणार, आणि सहा महिने संपताच मी वळकटी घेऊन घरी.

संध्याकाळी आई चुलीपुढे भाकरी थापते आहे आणि मी स्वयंपाकघराच्या दारात, वरची चौकट दोन्ही हातांनी पकडून, तोंड फुगवून उभा आहे. तेवीस वर्षांचा घोडा, पण रुसवा सात वर्षांच्या पोराचा. तुम्ही पाय धुऊन मागून येता. मी लहान असताना करायचात तीच खोडी करता, गुडघ्याच्या मागे आपल्या गुडघ्याने हलकेच टोला. माझे दोन्ही पाय मोडतात, मी खाली बसकण मारायच्या बेतात, पण हात चौकटीला तसेच घट्ट. मी लोंबकळतोय. आई हसता हसता तव्यावरची भाकरी उलटायला विसरते. तुम्ही म्हणता, "वर लई धरून ठिवलंय, पर खाली काय न्हाई!" आणि मी लोंबकळत्या अवस्थेतच ओरडतो, "आबा, परत मारा!"

तुम्ही परत मारलंत. तिसऱ्यांदाही मारलंत. आईला वाटलं पोराला ऊन लागलं. मी भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं आणि त्याच्या पाठीवर काढायला बसलो. दांडीपासून कॉन्टॅक्टपर्यंतच्या सळईचे दोन तुकडे करायचे, मध्ये गुडघा ठेवायचा आणि त्या गुडघ्याला खटक्याने टेकू द्यायचा. पट्टी वाकली, खटका सुटला की गुडघा मोडणार आणि कॉन्टॅक्ट सुटणार, मग वर दांडी कुणी का धरून ठेवेना! मोठमोठ्या ब्रेकरांत अशी सोय आधीपासून असते हे साहेबांनी नंतर एका जाडजूड पुस्तकात दाखवलं. पण आमच्या स्वस्त, वीतभर पेटीत ती बसवायची म्हणजे कसरतच होती, आणि मला ती पुस्तकाआधी तुमच्या गुडघ्याने शिकवली. पट्टी जरा सबुरीने वाकेल अशीही केली, म्हणजे व्होल्टेज थोडंसं बसलं की लगेच तुमची पळापळ नको.

टेस्टिंगच्या मिस्त्रींचं आणि माझं पुढचा दीड महिना जेवणखाण त्या गुडघ्याबरोबरच झालं. मिस्त्री म्हणजे रविवारी चर्चमध्ये बाजाची पेटी वाजवणारा माणूस, कान तयार. खटका फार अडकला तर सुटत नाही, कमी अडकला तर मोटार सुरू होतानाच्या धक्क्यानेच सुटतो. ते कानशीने केसभर घासायचे, नुसत्या आवाजावरून सांगायचे, "अजून थोडा." शेवटी एका शनिवारी साहेब म्हणाले, "ज्यांनी बांधली त्यांच्याकडेच घेऊन जा. तिथे चालली तर माल काढू, नाही तर हा विषय बंद." मिस्त्री आणि मी गाडीत बसलो. मी मांडीवरच्या पेटीची दांडी पुन्हा पुन्हा वरखाली करत होतो आणि ते खिडकीशी बसून भजन गुणगुणत होते.

आम्ही मळ्यात पोचून पेटी उघडेपर्यंत तुम्ही निम्मा गाव जमवला होतात. जत्राच. नवी पेटी लावली, मोटार सुरू केली, आणि मी म्हणालो, "आबा, बांधा." तुम्ही बाह्या सरसावल्यात. आधी सुतळीचे दहा वेढे, वर बैलाचा कासरा, आणि त्यात बाभळीची ढलपी ठोकून बसवलीत. म्हणालात, "आता बापाचा बाप आला तरी पडत न्हाई." मिस्त्रींनी तीनपैकी एक फ्यूज काढला. मोटार उरलेल्या दोन तारांवर जादा भार ओढत घुमायला लागली, जड, दुखणाईतासारखी. मिस्त्री घड्याळाकडे बघताहेत. एक मिनिट झालं. पाटाचं पाणी वाहतंच आहे. दीड मिनिट. तुम्ही मिशीवर हात फिरवून लोकांकडे बघताय, आणि माझ्या डोळ्यांपुढे वळकटी येते.

टक्.

मोटार घरघरत थांबली. पाटाचं पाणी कमी कमी होत गेलं. दांडी जिथल्या तिथे, सुतळी, कासरा, ढलपी सगळं शाबूत. तुम्ही दांडी हलवून पाहिलीत, गाठ चाचपलीत, मोटारीकडे पाहिलंत, परत दांडीकडे. "आरं, म्या तर हिला धरलीया! मग मेलं कोन?" आणि मांडीवर थाप मारून असे हसलात की झाडावरचे कावळे उडाले. हरलेला माणूस इतका खूश झालेला मी पुन्हा पाहिला नाही. मला उचलायला गेलात, कमरेत उसण भरली, तरी हसतच होतात. आईने शेंगोळी केली होती, मिस्त्रींनी तीनदा मागून घेतली. आणि निघताना तुम्ही त्यांना म्हणालात, "मिस्त्री, या डब्यावर माझं नाव घालायला पायजे, व्हय का न्हाई?" मिस्त्री काही बोलायच्या आत मीच म्हणालो, "आबा, कंपनीत तसं चालत नाही."

मी कायम झालो. ब्रेकर निघाला, खपला, आणि ड्रॉइंगच्या उजव्या कोपऱ्यातल्या चौकटीत माझी सही आली. मी ती किती वेळा पाहिली असेल ते विचारू नका. मात्र विहिरीवरच्या त्या चाचणीनंतरच्या सोमवारी काय झालं ते तुम्हाला कधी कळलं नाही. मिस्त्रींनी टेस्टिंगच्या टेबलाशी खिळा ठोकला आणि त्याला सुतळीचं बंडल अडकवलं. प्रत्येक नगाची दांडी बांधायची, भार द्यायचा, आणि बांधलेली असताना सुटली तरच माल पुढे. त्या चाचणीला त्यांनी नाव दिलं, आबांची गाठ. "आबांची गाठ झाली का?" "हा नग आबांच्या गाठीत नापास." रजिस्टरात तसा रकाना होता. बाहेरून आलेल्या एका तपासणी अधिकाऱ्याने तो वाचून गंभीरपणे विचारलं, हे आबा कुठल्या कॉलेजचे? मिस्त्री तितक्याच गंभीरपणे म्हणाले, "पुणतांब्याचे." मी निवृत्त झालो त्या दिवशीही तो रकाना होता.

आणि दर दिवाळीला तुम्ही ओसरीवर पान जुळवत विचारायचात, "काय रं, तुज्या कंपनीत माझी कुनी आठवन काढतं का?" मी म्हणायचो, "कोण काढणार आबा, कामाची गडबड असते सगळ्यांना." तुम्ही "ते बी खरंय" म्हणून चुना लावायचात.

माझी सही ड्रॉइंगच्या कपाटात पडून होती, आबा. ती कुणी वाचत नव्हतं. नाव तुमचंच घेतलं जायचं, सकाळपासून संध्याकाळपर्यंत, ज्यांनी तुम्हाला कधी पाहिलंही नव्हतं अशा पोरांच्या तोंडून. तुम्हाला कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने नगरला आला असतात, टेबलाशी उभे राहून स्वतः गाठ मारून दाखवली असतीत, आणि सगळा कारखाना तुमचाच झाला असता. मला ते नको होतं. हे पत्र टाकायला पेटी नाही, म्हणून घडी करून तुमच्या तांब्यात ठेवतो. मला तुमचा हेवा वाटायचा, म्हणून मी सांगितलं नाही. तुमची आठवण रोज काढायचे, आबा, रोज.