न उघडलेले चौतीस दस्तऐवज

प्रति,
मा. संचालक,
जुने दस्तऐवज संकलन केंद्र,
परभणी.

विषय: देवगाव फाटा उपकेंद्रातील संगणक पुसण्याचे थांबवून त्यातील चौतीस दस्तऐवज सुरक्षित रीतीने उघडण्याबाबत, तसेच माझी चौकशी करण्याबाबत.

संदर्भ: १) केंद्राचे परिपत्रक, दि. १२ ऑगस्ट २०२४.
२) माझे ई-मेलने पाठवलेले तीन अर्ज (सदर परिपत्रकामुळे न उघडलेले).

महोदय,

१. मी उपकेंद्रात आवक लिपिक असून दि. ३० जून रोजी नियत वयोमानाने सेवानिवृत्त होत आहे. त्याच दिवशी येथील संगणक पुसून निर्लेखित करण्याचे आदेश आहेत. म्हणजे आम्ही दोघे एकदमच निघणार. माझी हरकत फक्त त्याच्यापुरती आहे.

२. दि. ६ ऑगस्ट २०२४ रोजी ई-मेलने एकेचाळीस दस्तऐवज आले. आलेला कागद त्याच दिवशी उघडून, वाचून नोंदवहीत चढवायचा, हा केंद्राचा नियम मी एकतीस वर्षे पाळला. त्याप्रमाणे सगळे संगणकात उतरवून घेतले आणि क्रमाने उघडत गेलो. सातव्याचे नाव ‘सेवापुस्तक पडताळणी’ होते. पाठवणारा अनोळखी होता, परंतु आलेला कागद तसाच ठेवून घरी जाणे मला कधी जमले नाही. उघडताच दस्तऐवज वाचणारे सॉफ्टवेअर बंद पडले आणि संगणक आपल्या मनाने तोच दस्तऐवज सर्व उपकेंद्रांना पाठवू लागला. त्यानंतर परिपत्रक निघाले की, ई-मेलने आलेला कोणताही दस्तऐवज कोणीही उघडू नये. मेलचा पत्ता बंद झाला, संगणकाची जोडणी तोडली, दोन्ही सहकाऱ्यांच्या बदल्या झाल्या. मी निवृत्तीला आलेला म्हणून राहिलो.

३. चूक माझीच, असा अहवाल आहे. तो मान्य करूनही ती कशी घडली हे मी समजून घेतले. सेलूला संगणक शिकवणाऱ्या निकिता मॅडमनी फोनवर चार वेळा समजावले, तेव्हा कळले. दस्तऐवजाच्या माथ्यावर आत मजकूर किती आहे ते लिहिलेले असते. सॉफ्टवेअर त्यावर विश्वास ठेवून तेवढीच जागा राखते. मजकूर प्रत्यक्षात दसपट निघाला तरी न मोजता ओतत राहते. उरलेला मजकूर शेजारच्या जागेत सांडतो, आणि तिथे संगणकाने पुढे काय करायचे त्याच्या सूचना असतात. सांडलेले तो सूचना समजून पाळतो. आपल्या नोंदवहीतही एकदा विषयाचा रकाना अपुरा पडून शेवटचे ‘निकाली काढावे’ हे शब्द आदेशाच्या रकान्यात गेले होते, आणि प्रकरण खरोखरच निकाली निघाले होते. आपणास स्मरत असेल.

४. उपायही सोपा आहे. दस्तऐवज स्वतःबद्दल सांगतो त्यावर न विसंबता, ओतण्याआधी मोजणारी दुरुस्त आवृत्ती घटनेच्या पाच महिने आधीपासून विनामूल्य मिळत होती. ती बसवून, कशालाही न जोडलेल्या वेगळ्या संगणकावर, सातवा वगळून बाकीचे उघडावेत, असे मी मोबाइलवरून तीन वेळा कळवले. अर्ज दस्तऐवज म्हणून जोडले होते. ते उघडले गेले नाहीत. म्हणून हा हाताने लिहिला आहे.

५. दहा महिन्यांत उपकेंद्रात एकही कागद आलेला नाही. मी रोज दहाला कुलूप काढतो, नोंदवहीत तारीख टाकतो आणि खाली ‘निरंक’ लिहितो. पत्नी अंबिका हिचे आजारपणात निधन होऊन चार वर्षे झाली, त्यामुळे घरीही तोच शेरा आहे. दिवसभर आवाज असा फाट्यावरच्या गाड्यांचा. महोदय, मला फार एकटे वाटते. हे अर्जात लिहिण्याची पद्धत नाही याची जाणीव आहे.

६. दर मंगळवारी फक्त सुलाबाई येतात. वय सत्तरच्या पुढे. त्यांचे यजमान पूर्णेला रेल्वेत गँगमन होते. त्यांनी जन्मात एकच पत्र लिहिले, ते सुलाबाईंना. बाईंना अक्षरओळख नाही, आणि गावात कोणाकडून वाचून घ्यायची लाज वाटली. यजमान गेल्यावर धीर करून त्यांनी फाट्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानातून ते स्कॅन करून आपल्याकडे पाठवले, कारण आपण जुनी पत्रे जपतो आणि वाचूनही दाखवतो. ते त्या दिवशीचे नववे होते. मूळ पत्र पुढे ट्रंकेत वाळवीने खाल्ले. आता ते या संगणकात आहे, अन्य कुठेही नाही.

७. आता माझा गुन्हा. काल, दि. १७ जून रोजी, सुलाबाईंनी विचारले, “सायब, उघडला का माझा कागद?” पुसण्याची तारीख सांगण्याचे धैर्य माझ्यात नव्हते. मी बंद पडद्यासमोर बसून, चष्मा लावून, पत्र वाचल्यासारखे केले. जे सुचले ते बोललो. तुझ्या हातची अंबाडीची भाजी कधी चांगली म्हटली नाही, बदलीच्या गावी तुझ्याशिवाय करमत नव्हते, आजारपणात रजा टाकायला हवी होती, असे. बाईंनी शेवटपर्यंत ऐकले. मग म्हणाल्या, “ते असं बोलायचे न्हाईत. हे दुसऱ्याचं हाय. ज्याचं हाय त्याला देऊन टाका, आन् माझं शोधा.”

८. न उघडलेला दस्तऐवज उघडल्याचे भासवून त्यात खोटा मजकूर घुसवणे, हे माझे गैरवर्तन गंभीर आहे. त्याची रीतसर चौकशी व्हावी. चौकशी चालू असेपर्यंत पुरावा नष्ट करता येत नाही, हे आपण जाणताच. मी काय खोटे वाचले हे ठरवायला नववा दस्तऐवज उघडून मूळ मजकुराशी ताडून पाहावा लागेल, आणि तो वाचताना तक्रारदार म्हणून सुलाबाईंना समोर बसवणे आवश्यक राहील. होईल ती शिक्षा मला मान्य आहे.

चौकशीच्या नोटिशीची वाट पाहणारा, आपला नम्र,

महारुद्र दिनकरराव घुंबरे
आवक लिपिक, देवगाव फाटा उपकेंद्र
दि. १८ जून २०२५

सोबत: मी वाचून दाखवलेला मजकूर, आठवला तसा, एक पान. ज्याचा आहे त्याला देणे आता शक्य नसल्याने आपल्याकडे जमा करीत आहे. उघडून वाचावा.