दुसऱ्या खंडाची नोंद

प्रिय छोट्या,

बारा वर्षांनी तुला लिहिते आहे आणि सुरुवात पुस्तकांच्या यादीपासून करते आहे, म्हणून चिडू नकोस. ताई कधी सरळ मुद्द्यावर येत नाही, असं तूच म्हणायचास. या वेळी खरंच येता येत नाही, कारण मुद्दा त्या यादीतच आहे.

बाबांचा डावा डोळा गेला. उजवा वर्षभर साथ देईल, जपून वापरा, असं डॉक्टर म्हणाले. चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासलेल्या माणसाला हे सांगितल्यावर तो काय म्हणणार? बाबांनी विचारलं, "जपून म्हणजे नेमका कशासाठी वापरू, तेवढं सांगा." घरी येईपर्यंत त्यांचं ठरलंही होतं. घरातल्या सगळ्या पुस्तकांची संगणकावर नोंद करायची. कुठलं पुस्तक कुठल्या कपाटात, कितव्या फळीवर, डावीकडून कितवं. म्हणजे पुढे हाताने चाचपून काढता येईल आणि मी वाचून दाखवीन. "तू इस्पितळात लाखभर माणसांच्या फायली सांभाळतेस," मला म्हणाले, "माझी दोन हजार पुस्तकं तुला जड नाहीत."

तयार प्रोग्रॅम मिळतात, पण बाबांना ते पसंत पडणार नाहीत हे मी जाणून होते, म्हणून स्वतःच करायला बसले. वाटलं, एक तक्ता, चार रकाने, एका रविवारचं काम. पहिल्या तासातच आमचं वाजलं. एकाच पुस्तकाच्या दोन प्रती निघाल्या. मी म्हटलं, पुस्तक एक, प्रती दोन. बाबा म्हणाले, "दोन्हींच्या समासात मी वेगवेगळं लिहिलंय. ती दोन पुस्तकं आहेत." शेवटी पुस्तकांचा तक्ता वेगळा केला, प्रतींचा वेगळा, आणि इस्पितळात रुग्णाला देतो तसा प्रत्येक प्रतीला क्रमांक दिला. तिसरा तक्ता माणसांचा, कारण बाबांची बरीच पुस्तकं लोकांच्या घरी नांदतात. चौथा देवघेवीचा: कुठली प्रत, कोणाकडे, कधीपासून. बाबा पडद्याला नाक लावून बसायचे आणि माझ्या रकान्यांच्या नावांमधले ऱ्हस्व-दीर्घ सुधारायचे. मी सांगितलं, ही नावं आतल्या आत राहतात, कोणाला दिसत नाहीत. तर म्हणे, "न दिसणाऱ्या जागी तर जास्तच जपावं लागतं."

एक नियम मात्र माझा. 'सध्या कुठे आहे' हा रकाना रिकामा ठेवता येणार नाही. कपाटात, कोणाकडे, बांधणीला किंवा हरवलं, काहीतरी निवडल्याशिवाय नोंद जतनच होत नाही. इस्पितळात एका रिकाम्या रकान्यापायी एका बाईंचं ऑपरेशन दोन दिवस लांबलं होतं, तेव्हापासून ही सवय लागली आहे. नियम लिहिला आणि मग माझ्या लक्षात आलं, की मी स्वतःच्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेतला आहे.

हॉलमधलं काचेचं कपाट मी टाळत राहिले. आधी आतल्या खोलीतलं केलं, मग माळ्यावरचं, मग तुझ्या टेबलाखालचं खोकं. तुझं शाळेचं एकही पुस्तक बाबांनी काढलेलं नाही. भूगोलाच्या वहीलासुद्धा क्रमांक द्यायला लावला. मी म्हटलं, ही वही आहे. ते म्हणाले, "असू दे. घे." रविवारी सकाळी चहा झाला की वाटायचं, आज ते कपाट म्हणतील. सहा रविवार मी ढकलले. सातव्या रविवारी सांगायला काही कारणच उरलं नाही.

पक्ष्यांवरच्या पुस्तकाचे ते चार खंड तुला आठवत असतीलच, विसरशील कसा. पहिला आणि तिसरा यांच्यात बोटभर फट अजून तशीच आहे. बारा वर्षांत बाबांनी तिथे दुसरं काही सरकू दिलेलं नाही. दुसरा म्हणजे त्यांनी स्वतः तपासलेला खंड, आणि त्याच्या शेवटच्या पानावर आभारात त्यांचं नाव. आयुष्यात हजारो पानं तपासली, नाव छापून आलं ते तेवढ्या एका ओळीत. बाबांनी त्या फटीत बोट घातलं आणि म्हणाले, "दुसरा खंड. लिही." मी विचारलं, काय लिहू? "कुठे आहे ते. छोट्याने नेला." प्रोग्रॅमला माणसांच्या तक्त्यातलं नाव लागतं. त्यात तू नव्हतास. मी तुझी नोंद केली. नातं: मुलगा. तारीख त्यांनी न विचारता सांगितली. मी ती भरली. बाबा म्हणाले, "झालं का?" मी म्हटलं, झालं. आणि जतन केलं.

छोट्या, तो खंड मी नेला होता.

वाचनालयात तेव्हा सहा महिन्यांसाठी आलेले ग्रंथपाल तुला पुसटसे आठवत असतील. ते चित्रं काढायचे. पाखरांच्या पंखांचा अभ्यास करायचा म्हणून त्यांनी मागितला, आणि मी पिशवीत घालून त्यांना नेऊन दिला. त्यांचं लग्न ठरलेलं होतं, हे मला ठाऊक होतं. तरीही दिला. महिन्याभरात त्यांची बदली झाली. मी तीन पत्रं पाठवली. उत्तर नाही, पुस्तकही नाही. मग एका दुपारी बाबांना ती फट दिसली. त्याआधी तू मासिकांचा गठ्ठा रद्दीत घालून सायकलची घंटा आणली होतीस, त्यामुळे त्यांना दुसरीकडे बघायची गरज वाटली नाही. तू नाही म्हणालास, तीनदा म्हणालास. बाबांनी हात उचलला, चोर म्हणाले. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. तोंड उघडलं तर कुठे दिलास, कोणाला, का, सगळंच निघालं असतं. माझ्या पाठीमागे दूध उतू जात होतं आणि मला गॅस बंद करायचंही सुचलं नाही. तू बॅग भरून बाहेर पडलास तेव्हा माझ्याकडे बघितलंस. मी नजर खाली घातली. तुला वाटलं असेल, हिचाही विश्वास नाही. मला वाटलं, चार दिवसांत परत येईल, मग सांगू. चार दिवसांची बारा वर्षं झाली.

गेल्या रविवारी बाबा म्हणाले, पुस्तकं सगळ्यांत जास्त दिवस कोणाकडे आहेत ते वाच. यादी आली. पहिलंच नाव तुझं, चार हजार तीनशे एक्क्याण्णव दिवस. त्यांनी पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाले, "त्याला पत्र लिही. परत मागू नकोस. मी माफ केलं, एवढंच लिही. डोळे मिटायच्या आत एकदा बघू दे." मी कागद घेऊन बसले. तुझं नाव लिहिलं. पुढे 'माफ' हा शब्द काही केल्या उमटेना. ज्याने काही केलंच नाही, त्याला माझ्या हाताने माफी धाडायची, हे माझ्याच्याने झालं नाही. मी त्यांच्या खुर्चीपाशी खाली बसले आणि सगळं सांगितलं. तुला आत्ता सांगितलं त्याहून वाईट शब्दांत सांगितलं.

ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. दोन दिवस माझ्याशी एक अक्षर बोलले नाहीत. जेवायला वाढलं की जेवायचे, ताट स्वतः धुवायचे. तिसऱ्या दिवशी मी नोंद बदलली, तुझ्या जागी माझं नाव घातलं, आणि त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पुस्तक तुझ्या नावावर घातलंस. पण चोर मी म्हणालो. ते कुठल्या तक्त्यात बसतं?"  

तुझा पत्ता फक्त आत्याकडे होता आणि ती इतकी वर्षं कोणालाही देत नव्हती. बाबांनी तिला बोलावून घेतलं. म्हणाले, पत्ता सांगू नकोस, मला घेऊन चल. मी बरोबर येते म्हटलं, तर नको म्हणाले. मला फक्त हे लिहायला बसवलं. काही गाळू नकोस, म्हणाले, मला वाचता येणार नाही, तरी गाळू नकोस. म्हणून हे पत्र. आत्याने ते एकटीने वर आणून तुझ्या हातात दिलं असेल. बाबा खाली, तुमच्या इमारतीच्या दाराशी बसले आहेत. तू बोलावलंस तर वर यायचं, नाहीतर पुढच्या गाडीने परत, असं त्यांनी स्वतःच ठरवलं आहे, आणि आत्याला तुला एका शब्दानेही गळ घालायची बंदी आहे. माझ्यासाठी मी काही मागत नाही, मागायचं तोंड मी ठेवलेलं नाही. पण खाली गेलास तर नुसता समोर उभा राहू नकोस. त्यांना लांबून चेहरा ओळखता येत नाही. जवळ जा आणि काहीतरी बोल.

तुझीच,
ताई