न्यूहेवनची अनोळखी कोळीण

४ फेब्रुवारी २०१९, सोमवार

आज पोर्ट्रेट गॅलरीत आई दिसली! जन्म एडिनबरात गेला, पण गॅलरीत जायचं ते खालच्या चहा आणि स्कोनसाठी. पाऊस थांबेना, म्हणून जिना चढले. राजे, सरदार, आणि कोपऱ्यात फोटो – पाठीवर माशांची टोपली, पट्टेरी घागरा, हनुवटी वर. खाली लिहिलंय, 'अनोळखी कोळीण, न्यूहेवन, १९५१.'

अनोळखी म्हणे! दारोदार मासे विकायची, अर्ध्या शहराच्या स्वयंपाकघरांत हिची ऊठबस होती. नाव लागल्याशिवाय मी गप्प बसायची नाही.

५ फेब्रुवारी

ताईला, म्हणजे जेमिसिनाला, फोन केला. बघायला चल म्हटलं. "रोबिना, गेलेल्या माणसाला कशाला उठवतेस? गुडघे दुखतायत माझे." शनिवारी बाजारात दोन तास उभी होती, तेव्हा दुखले नाहीत वाटतं!

११ फेब्रुवारी

गॅलरीत अर्ज दिला, सोबत आईचे तीन जुने फोटो. नाव – आयझा लिस्टन. आमच्या न्यूहेवनच्या कोळीवाड्यात बाई लग्नानंतरही माहेरचंच नाव लावते. नवऱ्याचं फक्त सरकारी कागदावर. बाबा कार्नी, पण कुणी मिसेस कार्नी म्हणून हाक मारली तर आई वळूनही बघत नसे.

२१ फेब्रुवारी

गॅलरीतल्या मिस ओगिल्वींचा फोन. पोरगी गोड बोलते. "चेहरा जुळतो हो, पण फोटोग्राफरच्या वहीत मिसेस सीटन लिहिलंय. नवरा त्याच वर्षी मार्चमध्ये बोटीसकट बुडाला, बाई गरोदर, अशी नोंद आहे."

म्हणजे आई नव्हेच. बाबा तर नव्वद सालापर्यंत खुर्चीत बसून हवामानाला शिव्या घालत होते. फार वाईट वाटलं. थोडी रडले, मग भांडी घासली.

२४ फेब्रुवारी, रविवार

ताईकडे जेवायला. सगळं सांगितलं. म्हटलं, तुझंच खरं, उगाच धावपळ केली.

ती बटाटे वाढत होती, थांबली. "आईच आहे ती. सीटन माझे वडील. दोनदा लग्न केलं, तरी आई लिस्टनची लिस्टनच राहिली, मग तुला कळणार कुठून? मला सोळाव्या वर्षी सांगितलंन. वर म्हणाली, रोबिनाला बोलू नकोस, तिला सावत्र वाटेल."

इतकी वर्षं एकटीनं पोटात ठेवलं. मला राग यायला हवा होता, पण आला नाही. बटाटे गार झाले.

२५ फेब्रुवारी

मिस ओगिल्वींना कळवलं. फोटोत दोघी आहेत – आयझा लिस्टन आणि पोटातली माझी ताई. दोघींची नावं लावा.