स्माले म्हणजे मेंढ्या

प्रिय गुन्वोर,

तुझं पत्र मंगळवारच्या बोटीने आलं. शाळेतली नोकरी सोडणार, बर्गनचं घर विकणार आणि वसंतात पोरांना घेऊन शेतावर कायमची येणार, असं लिहिलंयस. कारण एकच दिलंयस: बाबांनी बोलावलं होतं. ते वाचून मी चष्मा काढून ठेवला. दोन दिवस पत्राला हात लावला नाही.

आधी जुनं सांगते. डेन्मार्कहून लग्न होऊन मी या फ्योर्डवर, डोंगरांत घुसलेल्या या खाडीकाठी आले तेव्हा मेंढीला मला एकच शब्द येत होता, फोर. इथे सगळे म्हणायचे साउ. आणि तुझ्या बाबांच्या घरात त्याहूनही जुना शब्द होता, स्माले. पहिल्याच सकाळी मी विचारलं, 'फोरांना गवत घालू का?' तुझी आजी पाव कापता कापता म्हणाली, 'ओनुन, बायकोला सांग, तसली जनावरं आपल्याकडे नाहीत. पाद्रीबाबाकडे असतील तर बघ म्हणावं.' खरंच, इथलं जुनं बायबल डॅनिश वळणाचं, त्यात फोरच होतं. रविवारी पाद्री ते वाचायला लागला की वाटायचं, अख्ख्या चर्चमध्ये हा एकटाच माझ्याशी बोलतोय. पुढे गावोगाव पुस्तकं देत फिरणारी वाचनालयाची बोट यायला लागली, तेव्हा तिच्यावरून कोश आणून मी तिन्ही शब्द वाचून काढले. बाबांना सांगायला गेले तर म्हणाले, 'मारेन, कोशातल्या मेंढीला लोकर येते का?' मग मीही हट्टाला पेटले. पन्नास वर्षं फोरच म्हणत राहिले आणि पन्नास वर्षं एकाही मेंढीने माझ्या हाकेला मान वर केली नाही. ते मात्र स्माले म्हणून ओरडले की डोंगरच्या डोंगर खाली यायचा.

फेब्रुवारीत बाबांना मेंदूचा झटका आला आणि त्यांचे सगळे शब्द गेले, तेवढा एक राहिला. पाणी हवं असलं तरी स्माले, उशी टोचत असली तरी स्माले. एकोणीस दिवस मी त्यांच्या तोंडाशी कान नेऊन बसले होते.

वादळाने बोटी बंद होत्या. तू पोचलीस ती ते गेल्यावर. धक्क्यावरच तू विचारलंस, 'आई, माझं नाव घेतलं का गं त्यांनी?' सहा वर्षांपूर्वी तू शेत नको म्हणालीस तेव्हा ते तुला म्हणाले होते, 'मग स्मालेंना तूच सांग जाऊन.' त्यानंतर तुझा फोन आला की उठून गोठ्यात जायचे. तुझी बॅग पावसात भिजत होती आणि तू ती उचलत नव्हतीस. मी म्हणाले, 'घेतलं. दोनदा घेतलं. गुन्वोरला बोलाव म्हणाले.'

आज गुरुवारी मी खाटीकखान्याचा ट्रक बोलावला. मेंढ्या वरच्या कुरणात होत्या. मी फोर फोर करून पाहिलं, त्या चरत राहिल्या. ड्रायव्हर हसून म्हणाला, 'काकू, यांना डॅनिश कळत नसेल.' मग मी बाबांसारखा घसा फाडून, पहिलं अक्षर लांबवून ओरडले, स्माले! आल्या गं. अडतीसच्या अडतीस, धावत. पुढची म्हातारी माझ्या मागे दाराकडे बघत थांबली. त्यांना शोधत होती. कोणी आलं नाही, तेव्हा फळीवरून ट्रकमध्ये चढली.

तिला चढताना पाहिलं आणि घरात येऊन हे लिहायला बसले. तूही तशीच निघाली आहेस. त्यांनी तुला बोलावलं नव्हतं, गुन्वोर. त्यांच्या नावावर हाक मी मारली. नोकरी सोडू नकोस, घर विकू नकोस, इथला गोठा रिकामा आहे. या पत्राला उत्तर येईल असं मी धरून चाललेले नाही. रागाच्या भरात फाडण्याआधी फक्त एवढं वाच: ते दोनदा वगैरे काही नव्हतं. त्यांनी तुझं नाव एकदाही घेतलं नाही. माझंही नाही.

तू मानलंस तर अजूनही तुझीच,
आई